डीटीएचचे पैसे भरूनही टीव्ही बंद, पॅक आपोआप बदललेला: दुखणे नेमके कुठे आहे आणि काय करावे

विदर्भातल्या खेड्यांत डीटीएचबद्दलची एक तक्रार वर्षातून अनेकदा आणि जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते : "पयसे तं भरले होते, मंग टीव्ही काऊन बंद पडला?" पैसे भरलेले असतात हे खरे असते आणि टीव्ही बंद पडला हेही खरे असते. मधल्या काळात खात्यावर काय घडले हे मात्र घरातल्या कुणालाच ठाऊक नसते, कारण पॅक कुणी निवडला, कधी बदलला आणि किती दिवसांचा घेतला, याचा एकही कागद किंवा संदेश त्या घरात आलेला नसतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन कामांचे दुकान चालवताना सातबारा आणि पीकविम्याच्या अर्जांबरोबर रिचार्जही माझ्याकडे येतात. ही खाती पाहून माझे मत असे झाले आहे की, या तक्रारीचे मूळ दरवाढीत कमी असते आणि खाते कुणाच्या मोबाइल क्रमांकावर नोंदलेले आहे यात जास्त असते. ज्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो, त्या खात्याचे निर्णय तोच घेतो, मग छत्री कुणाच्याही छपरावर असो. म्हणून रिचार्ज करण्यापूर्वी खाली दिलेली तपासणी करावी. पैसे भरून झाल्यावर तीच गोष्ट सिद्ध करणे फार कठीण होते.

आधी पडद्यावर काय दिसते ते पाहावे

टीव्ही बंद पडला की पहिला फोन एजंटाला जातो, आणि एजंटाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : पॅक संपला आहे किंवा बॉक्स जुना झाला आहे. यातले काहीही मान्य करण्याआधी रिमोट हातात घेऊन दहा-बारा चॅनेल बदलून पाहावेत. काही चॅनेल दिसत असतील आणि काहींवरच ते तुमच्या पॅकमध्ये नसल्याचा संदेश येत असेल, तर छत्री, तार आणि बॉक्स ठीक आहेत आणि बिघाड खात्यात आहे. याउलट एकही चॅनेल दिसत नसेल आणि सिग्नल नसल्याचा संदेश येत असेल, तर बिघाड बहुधा छपरावर आहे. अशा वेळी नवा पॅक घेऊन काडीचाही उपयोग होत नाही.

हा फरक पावसाळ्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. डीटीएचचे प्रक्षेपण केयू बँडमध्ये होते आणि या बँडच्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात, त्यामुळे ढगफुटीसारखा पाऊस पडत असताना चित्र फुटणे किंवा जाणे हा बॉक्सचा दोष नसतो. पाऊस ओसरला की चित्र परत येते. पाऊस थांबून तासभर झाला तरी चित्र आले नाही, तर छत्री हललेली असू शकते. आपल्याकडे टिनाच्या छपरावर वांदरांची टोळी नाचून गेली की छत्रीचे तोंड फिरते, आणि ते बोटभर फिरले तरी पुरेसे असते. छत्रीसमोर वाढलेला कडुनिंब, गंजलेला कनेक्टर आणि उंदरांनी कुरतडलेली तार ही बाकीची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी एकाही कारणासाठी बॉक्स बदलावा लागत नाही. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये "तुमचा बॉक्स बाद झाला, नवीन एचडी घ्या" असे सांगून बॉक्स खपवले जातात, हे मला अत्यंत गैर वाटते. बॉक्स खरोखरच बिघडला आहे का, हे ताडण्याचा सोपा मार्ग असा की, शेजारी त्याच कंपनीची छत्री असेल, तर आपला बॉक्स तेवढ्यापुरता त्यांच्या तारेला जोडून पाहावा. तिथे चित्र दिसले, तर बॉक्स निर्दोष आहे आणि दुरुस्ती छपरावर करायची आहे.

नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कुणाचा आहे?

बिघाड खात्यात आहे असे ठरले, की पहिला प्रश्न हाच विचारावा. खेड्यात अनेक घरी छत्री बसली, तेव्हा घरात मोबाइल नव्हता किंवा ज्याचा मोबाइल होता तो माणूस शेतात होता, म्हणून छत्री बसवणाऱ्याने फॉर्मवर स्वतःचा किंवा दुकानदाराचा क्रमांक लिहून टाकला. काही घरांत क्रमांक घरचाच होता, पण पुढे सिम बदलले आणि जुना क्रमांक बंद पडला. त्यानंतर नूतनीकरणाची सूचना, पॅक बदलल्याचा संदेश आणि संमतीसाठी येणारा ओटीपी हे सगळे त्या परक्या क्रमांकावर जात राहते. एजंट एक बटण दाबतो, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो आणि कंपनीच्या नोंदीत "ग्राहकाची संमती मिळाली" असे दिसते. एजंट वाईटच असतो असे नाही. पुष्कळदा तो सोय म्हणून हे करतो आणि गिऱ्हाइकालाही ती सोय हवी असते. पण महिन्याचे लक्ष्य पूर्ण करण्याची वेळ येते, तेव्हा हीच सोय त्याच्या उपयोगी पडते आणि जास्त किमतीचा पॅक तुमच्या खात्यावर चढतो.

हे दुरुस्त करण्यासाठी आपला ग्राहक क्रमांक किंवा व्हीसी नंबर, म्हणजे बॉक्समधल्या व्ह्यूइंग कार्डाचा क्रमांक, शोधावा. तो बॉक्सच्या खालच्या बाजूला, कार्डावर किंवा टीव्हीवरच्या मेनूमध्ये "माझे खाते" अशा नावाच्या पानावर सापडतो. तो घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करावा आणि फक्त एवढेच विचारावे की या खात्यावर कोणता मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे. ते पूर्ण क्रमांक सांगणार नाहीत, पण शेवटचे अंक तरी विचारावेत. आपला आहे की परका, हे तेवढ्यावरून कळते. क्रमांक बदलण्यासाठी जुन्या क्रमांकावर ओटीपी पाठवावा लागेल असे उत्तर मिळाले, तर तिथे थांबू नये. जुना क्रमांक आपल्या ताब्यात नाही असे स्पष्ट सांगून ओळखपत्राच्या आधारे बदल करण्याची मागणी नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. नवा क्रमांक देताना तो घरात राहणाऱ्या माणसाचा द्यावा. पुण्याला किंवा सुरतेला कामाला गेलेल्या मुलाचा क्रमांक दिला, तर ओटीपी तिकडे जातो आणि शेवटी पुन्हा एजंटाचाच क्रमांक लावला जातो.

ज्यांच्या नावावर खाते आहे ती व्यक्ती हयात नसेल, तर खाते वारसाच्या नावावर करून घेण्याचे काम याच वेळी उरकावे. पुढे तक्रार करायची वेळ आली, की खाते कुणाचे हा प्रश्न सगळ्यात आधी येतो.

पॅकची यादी आणि रकमेचा हिशेब

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2017 मध्ये काढलेला दर आदेश 29 डिसेंबर 2018 पासून लागू झाला आणि तेव्हापासून टीव्हीच्या मासिक रकमेचे दोन भाग झाले. पहिला भाग नेटवर्क क्षमता शुल्काचा, म्हणजे छत्री किंवा केबलमार्फत चॅनेल घरापर्यंत पोहोचवण्याचा. दुसरा भाग पैसे देऊन घ्यायच्या चॅनेलांच्या किमतीचा. या दोन्हींच्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी लागतो. प्रत्येक सशुल्क चॅनेल सुटा घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, पॅक घेण्याची सक्ती नाही. ज्या चॅनेलची किंमत महिना 19 रुपयांपेक्षा जास्त आहे, तो प्रसारकाला आपल्या पॅकमध्ये घालता येत नाही, ही मर्यादा नोव्हेंबर 2022 च्या दुरुस्तीतही आहे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण गावात अजूनही जुनीच माहिती फिरते. नेटवर्क शुल्क 130 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही असे लोक एजंटाशी भांडताना सांगतात. ती मर्यादा पूर्वी होती, पण जुलै 2024 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि शुल्क ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना दिली. त्याच वेळी आपले दर जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर कायम आहे. म्हणून आता भांडण 130 च्या आकड्यावर करू नये. "तुमच्या जाहीर दरपत्रकात हे शुल्क किती आहे ते दाखवा" अशी मागणी करावी. ही मागणी अधिक पक्की आहे आणि तिला बगल देणे अवघड जाते.

हिशेब कसा करायचा ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा, कंपनीच्या दरपत्रकात नेटवर्क शुल्क 130 रुपये आहे, घरच्यांना एक मराठी पॅक 45 रुपयांचा हवा आहे आणि एक क्रीडा चॅनेल 19 रुपयांना सुटा हवा आहे. बेरीज 194 रुपये झाली. त्यावर 18 टक्के जीएसटी 34 रुपये 92 पैसे धरला, तर महिन्याची रक्कम 228 रुपये 92 पैसे होते. आता याच घरातून दरमहा 349 रुपये जात असतील, तर वरचे 120 रुपये कशाचे, हा प्रश्न विचारायला आधार मिळतो. उत्तर बहुधा असे निघते की, पॅकमध्ये तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी चॅनेलांचा गठ्ठा आहे, जे या घरात कुणी लावत नाही, किंवा भक्तिगीते, लहान मुलांचे खेळ, पाककृती अशी एखादी जादा सेवा पहिला महिना मोफत म्हणून सुरू झाली आणि नंतर तिचे पैसे लागत राहिले. ही जादा सेवा यादीत शेवटी, अगदी बारीक अक्षरांत असते, म्हणून यादी वाचताना खालून वर वाचावी. ज्या सेवेला तुम्ही स्पष्ट संमती दिलेली नाही ती बंद करून घेण्याचा आणि कापलेली रक्कम परत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

अनेक डीटीएच खात्यांत शिल्लक रोज थोडी थोडी कमी होते. त्यामुळे पॅक मध्येच महाग झाला, तर महिन्याचे म्हणून भरलेले पैसे तिसऱ्या आठवड्यातच संपतात. "पैसे भरूनही टीव्ही बंद" या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे स्पष्टीकरण हेच आहे. रिचार्जची तारीख, रक्कम आणि टीव्ही बंद पडल्याची तारीख या तीन गोष्टी कॅलेंडरवर लिहून ठेवल्या, की दुसऱ्याच महिन्यात फरक डोळ्यांसमोर येतो.

नूतनीकरणाच्या वेळी येणारे फोन

पॅक संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी फोन सुरू होतात. ते दुपारी येतात, कारण कर्ते माणूस त्या वेळी वावरात असतात आणि घरी आजी-आजोबा किंवा शाळेतून आलेली पोरे असतात. पलीकडची व्यक्ती हिंदीत, भरभर आणि न थांबता बोलते. "आवाज येतो आहे ना?" "हो." "टीव्ही तुमच्याच घरी आहे ना?" "हो." "तुमच्यासाठी खास योजना आहे, सुरू करून देऊ ना?" तोपर्यंत आजीबाईंना हो म्हणण्याचा ओघ लागलेला असतो आणि तिसरा "हो" संमती म्हणून नोंदला जातो. यात आजीबाईंचा काहीही दोष नाही. प्रश्नांची मांडणीच तशी केलेली असते.

यावर मी घरोघरी एकच उपाय सांगतो. फोनजवळच्या भिंतीवर कागद चिकटवावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे : "फोनवर आम्ही काही घेत नाही. योजना असेल तर नोंदणीकृत मोबाइलवर संदेश पाठवा." घरातल्या प्रत्येकाने हेच वाक्य बोलावे आणि फोन ठेवावा. कारण देऊ नये, परवडत नाही असे म्हणू नये. परवडत नाही म्हटले की लगेच "मग दोनशेवालं घ्या" अशी दुसरी योजना पुढे येते, आणि मालक घरी नाहीत म्हटले की संध्याकाळी पुन्हा फोन येतो. खरी योजना असेल तर ती लेखी येते. लेखी द्यायला जो तयार नाही, त्याच्या बोलण्यावर पैसे देण्याचे कारण नाही.

"आज रात्री बारापर्यंतच" या घाईला तर मुळीच बळी पडू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत 13 प्रकार नमूद केले. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू बिलात सरकवणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, वारंवार तगादा लावणे, हे सगळे त्यांत आहेत. म्हणजे जे आपल्याला नुसते त्रासदायक वाटते, त्याची सरकारी कागदावर अनुचित प्रथा म्हणून नोंद आहे, आणि तक्रार लिहिताना याचा स्पष्ट उल्लेख करता येतो.

जाहिरातीचे फोन थांबवण्यासाठी 1909 या क्रमांकावर फोन करून नको असलेल्या जाहिरातींसाठीची नोंदणी करावी. ती केल्यानंतरही असा फोन आला, तर लगेच, दिवस न घालवता, त्याच 1909 वर क्रमांक, तारीख आणि वेळ देऊन तक्रार करावी. मात्र पॅक संपत असल्याची साधी सूचना ही जाहिरात नसते. ती येत राहील आणि यायला हवी.

फोन करणारा कंपनीचा नसून भामटा असण्याची शक्यताही लक्षात ठेवावी. "सरकारने जुने बॉक्स बंद केले आहेत", "केवायसी नसल्यामुळे छत्री बंद होईल", "हे अ‍ॅप टाका, मी इथून दुरुस्त करतो" ही त्याची ओळखीची वाक्ये आहेत. कुणाच्या खासगी यूपीआय क्रमांकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नयेत. आपल्या यूपीआय अ‍ॅपमधल्या डीटीएच विभागात जाऊन कंपनी निवडावी, आपला ग्राहक क्रमांक टाकावा आणि खातेदाराचे नाव दिसत असेल तर ते जुळते का ते पाहून मगच पैसे भरावेत. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. या कामात तासाभराच्या विलंबानेही फरक पडतो.

वर्षभराचा पॅक आणि दारावरची विक्री

सोयाबीन विकले गेले आणि कापसाची पहिली वेचणी झाली, की हातात रोकड येते आणि त्याच सुमारास, दिवाळीच्या आगेमागे, दारावर आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला विक्री जोरात सुरू होते. वर्षभराचा पॅक घेणे मुळातच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. दरमहा रोकड नसलेल्या घराला हंगामात एकदाच पैसे भरून मोकळे होणे सोयीचे असते आणि दीर्घ मुदतीवर सवलतही मिळते. पण ही सवलत कशावर आहे ते पाहावे लागते. नको असलेल्या चॅनेलांनी फुगवलेल्या पॅकवर दोन महिने मोफत मिळाले, तरी ते आपल्या गरजेच्या साध्या पॅकच्या बारा महिन्यांपेक्षा महागच पडतात. म्हणून वर सांगितलेला हिशेब आधी बारा महिन्यांचा मांडावा आणि मग योजना ऐकावी.

विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण उत्तरे कागदावर घ्यावीत. पॅकचे नेमके नाव काय आणि त्यात कोणकोणते चॅनेल आहेत? मुदत कोणत्या तारखेला संपते आणि त्यानंतर रक्कम किती होते? मध्येच सेवा सोडली, तर उरलेले पैसे परत मिळतात का? आणि बॉक्स विकत दिला आहे, भाड्याने दिला आहे की अनामत घेऊन दिला आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. "फुकट बॉक्स" म्हणून घरात आलेली वस्तू पुष्कळदा कंपनीच्याच मालकीची असते आणि सेवा सोडताना ती परत द्यावी लागते. एका कंपनीचा बॉक्स व्यवहारात दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालत नाही, त्यामुळे बॉक्सवर घातलेला पैसा तुम्हाला त्याच कंपनीशी बांधून ठेवतो. ट्रायच्या 2017 च्या सेवा दर्जा नियमांनुसार नवीन जोडणीसाठी ग्राहक अर्ज भरून घ्यावा लागतो आणि त्याची प्रत ग्राहकाला द्यावी लागते. ही प्रत मागून घ्यावी. विक्रेता "नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो" म्हणाला, तर पैसेही नंतरच द्यावेत.

नवी जोडणी, सुरू करण्याचे शुल्क, दुरुस्तीसाठी घरी येण्याचे शुल्क यांवरच्या जुन्या कमाल मर्यादा 2024 मध्ये उठल्या आहेत, त्यामुळे इथेही जाहीर दरपत्रक हाच आधार आहे. छत्री नीट करायला आलेला माणूस तोंडी आकडा सांगत असेल, तर काम सुरू होण्याआधी ग्राहक सेवा क्रमांकावर फोन लावून तोच आकडा त्याच्यासमोर विचारून घ्यावा.

आणखी एक धाक वारंवार घातला जातो : "आत्ता रिचार्ज केलं नाही, तर बॉक्स कायमचा बाद होईल." कुटुंब ऊसतोडीला किंवा बाहेरगावी कामाला जाणार असेल, तर रिकाम्या घराच्या टीव्हीचे पैसे भरत राहण्याची गरज नाही. जाण्याआधी सेवा तात्पुरती थांबवण्याची विनंती नोंदवता येते. परत आल्यावर सेवा पुन्हा सुरू करण्याचे काही शुल्क लागू शकते आणि तेही दरपत्रकात असते. त्यासाठी नवा बॉक्स घ्यावा लागत नाही.

खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसे

गावात फायबर इंटरनेट पोहोचले तसे इंटरनेट, टीव्ही आणि ओटीटी एकत्र विकणारे पॅकही आले आणि त्यांच्याबरोबर यूपीआय ऑटोपे आले. एक रुपयात महिनाभर पाहा, असे म्हणून पिन टाकून घेतला जातो. त्या वेळी पडद्यावर एक रुपयाच्या खाली दोन ओळी असतात : पुढे जास्तीत जास्त किती रक्कम कापली जाईल आणि किती दिवसांनी. पिन टाकण्यापूर्वी त्या दोन ओळी वाचाव्यात, कारण तुमची परवानगी खरी त्यांच्यासाठीच घेतली जात असते.

अशी परवानगी रद्द करण्यासाठी कंपनीची मनधरणी करावी लागत नाही. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून ती दिली त्याच अ‍ॅपमधल्या ऑटोपे विभागात सर्व चालू परवानग्यांची यादी असते. तिथून ती पिन टाकून रद्द करता येते. रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू असलेल्या नियमांनुसार अशा आवर्ती वसुलीच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना देणे बंधनकारक आहे. तो संदेश जाहिरात समजून पुसू नये, कारण पैसे वाचवण्याची ती शेवटची संधी असते. मात्र ऑटोपे रद्द केले म्हणजे वर्गणी रद्द झाली असे होत नाही. वर्गणी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा फोनवरून वेगळी रद्द करावी आणि त्याची नोंद घ्यावी.

तक्रार कुठे आणि कशी करावी

पहिली तक्रार कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर करावी आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नये. समाधान झाले नाही, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, लेखी जावे. त्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवण्यात वेळ घालवू नये, कारण ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करणे तिच्या अधिकारात नाही. त्याऐवजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतून बोलता येते आणि बऱ्याच कंपन्या त्या टप्प्यावर पैसे परत करायला राजी होतात.

तेवढ्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी यवतमाळच्या माणसाला यवतमाळातच दाद मागता येते. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तीनशे-चारशे रुपयांसाठी आयोगात कोण जाणार, असे लोक विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण नोडल अधिकाऱ्याला पाठवलेल्या पत्रात आयोगाचा उल्लेख असला, की त्या पत्राला मिळणारे उत्तर वेगळे असते.

पत्र लांबलचक नसावे. ते असे लिहिता येईल :

"माझा ग्राहक क्रमांक अमुक आहे. अमुक तारखेला मी अमुक रकमेचे रिचार्ज केले. माझ्या खात्यावरचा पॅक अमुक तारखेला बदलल्याचे मला आज कळले. या बदलास मी संमती दिलेली नाही. संमती दिली असल्याचे आपले म्हणणे असल्यास ती कोणत्या तारखेला, कोणत्या मोबाइल क्रमांकावरून आणि कोणत्या स्वरूपात मिळाली, तसेच ध्वनिमुद्रण असल्यास ते, मला लेखी कळवावे. माझा पूर्वीचा पॅक पुन्हा लागू करावा आणि जादा कापलेली रक्कम खात्यात जमा करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचा माझा अधिकार मी राखून ठेवत आहे."

या पत्रातले संमतीविषयीचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. संमती दिली नव्हती हे सिद्ध करत बसण्याऐवजी ती कुठे आहे ते दाखवा, असे ते कंपनीला सांगते. ओटीपी एजंटाच्या क्रमांकावर गेला असेल, तर तेही याच उत्तरातून उघड होते. सोबत रिचार्जची पावती आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो जोडावा.

सशुल्क सेवा सोडायची असेल तर

ज्या घरात बातम्या, एखादी मालिका आणि जुने चित्रपट एवढेच पाहिले जाते, तिथे प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशचा विचार जरूर करावा. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही, नूतनीकरण नाही आणि म्हणून नूतनीकरणाचे फोनही नाहीत. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाचा खर्च तेवढा येतो. डीडी सह्याद्री तिच्यावर दिसते. ठरावीक खासगी मराठी चॅनेल हवेच असतील, तर ते तिथे सध्या आहेत का ते आधी शेजारच्या फ्री डिशवर पाहून घ्यावे, कारण खासगी चॅनेलांची यादी लिलावाप्रमाणे बदलत असते. तिचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे आपल्या भागात छत्रीचे तोंड आग्नेयेकडे करावे लागते. त्या दिशेला झाड किंवा उंच भिंत नाही ना, हे खर्च करण्यापूर्वी बघावे.

जुनी सेवा सोडताना ती नुसतीच रिचार्ज न करता टाकून देऊ नये. ग्राहक सेवेला कळवून खाते बंद झाल्याचा संदेश घ्यावा, ऑटोपे असेल तर रद्द करावे, आणि बॉक्स भाड्याचा किंवा अनामतीचा असेल, तर तो परत घेऊन जाणाऱ्याकडून बॉक्सच्या क्रमांकासह पावती घ्यावी. अनामत रक्कम परत मागण्यासाठी हीच पावती लागते. ती मिळेपर्यंत बॉक्स घरातून बाहेर जाऊ देऊ नये.